पुस्तकात नसलेला पोरगा

अमेरिकेत काळ्या लोकांना जहाजात कोंबून नेलं, बाजारात उभं करून विकलं आणि पिढ्यान् पिढ्या त्यांच्याकडून कापूस वेचून घेतला, हे मला दुसऱ्या वर्गात असताना माहीत होतं. माझ्या वर्गातल्या पोरींसाठी तेव्हा अमेरिका म्हणजे कुणाच्या तरी मामाचं घर होतं. मला आबांनी सांगितलं होतं. आबा म्हणजे माझ्या पप्पांचे वडील. एक दिवस मी त्याच आबांना तोंडावर खोटारडं म्हटलं आणि त्यांनी सांगणं बंद केलं. आता ते नाहीत. म्हणून मी हे घाईघाईनं टाइप करून राहिली आहे, चुका झाल्या तर होऊ द्या, आधी सगळं उतरवून घेते.

तर आबा. ते विदर्भातल्या एका खेड्यातले. जवान असताना जबलपूरला आले आणि इथल्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. तोपर्यंत राज्यांच्या हद्दी नव्यानं पडल्या होत्या, आधी जबलपूरसोबत एकाच राज्यात असलेलं नागपूर महाराष्ट्रात गेलं होतं, म्हणजे आबा आपल्याच भागातून गाडीत बसले आणि दुसऱ्या राज्यात उतरले. लोकांना याचं वाईट वाटायचं, आबांना नाही. ते म्हणायचे, इथं मले कोनी ओळखत नव्हतं, तेच तं पाहिजे होतं. लहानपणी मला वाटायचं, आबांनी गावात काही चोरीबिरी केली असेल.

जबलपुरातच, चेरीतालला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. आजी गेली तेव्हा पप्पांनी त्यांना आमच्याकडे राइट टाउनला आणलं. आम्ही पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहतो, खाली घरमालकीण आंटी. आंटी मनानं चांगली आहे, पण चौकशी फार. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात तिनं पप्पांना विचारलं होतं, "आप लोग कौन से वाले मराठी? वो पेशवाओं के टाइम वाले?" पप्पा म्हणाले, "नागपुर साइड के, जी." आंटीनं आपल्या मनानं जे समजायचं ते समजून घेतलं. पप्पांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. आमचं आडनाव गावावरून घेतलेलं, त्यावरून इथं कुणाला काही कळत नाही. बैठकीत बुद्धाची मूर्ती होती, पण ती आजकाल सगळ्यांच्याच बैठकीत असते. निळ्या कोटातला फोटो मात्र आतल्या खोलीत होता, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला. कपाट उघडलं की दिसायचा.

आबा राहायला आले तेव्हा पप्पांनी एक अट घातली होती. घरात गावचं काही काढायचं नाही. जात, वस्ती, कोण कुठं बसायचं, कोण काय खायचं, काहीच नाही, आणि पोरीसमोर तर नाहीच. हे मला मम्मीनं खूप नंतर, कॉलेजात असताना सांगितलं. मला जातीचं माहीत नव्हतं असं नाही. फॉर्म भरताना कळतेच. पण कळलं ते एका रकान्यात कळलं, त्याच्यामागे कोणी माणूस दिसला नाही.

दुपारी मी शाळेतून यायची तेव्हा पप्पा ऑफिसात, मम्मी तिच्या शाळेत. घरी आबा आणि मी. त्यांच्याकडे सहा पुस्तकं होती, काही मराठी, काही हिंदी, सगळी अमेरिकेतल्या गुलामगिरीवरची, नाहीतर त्यानंतरच्या काळावरची. पहिलं पुस्तक त्यांना कारखान्याच्या वाचनालयात सापडलं होतं. त्यात एक फोटो होता. कापसाच्या शेतात एक बाई उभी, डोक्याला फडकं, खांद्याला लांब झोळी. आबा सांगायचे की तो फोटो पाहून ते वाचनालयातल्या बाकावर खालीच बसले. "मले वाटलं माहीच माय हाये. फक्त झोळी वेगळी. आपल्याकडं ओटीत वेचतेत." मग ते पुस्तक त्यांनी इतक्यांदा घरी नेलं की वाचनालयवाल्यानं वैतागून सांगितलं, ठेवून घ्या आता.

ते वाचून दाखवायचे. चश्मा लावून, मोठ्यानं, बातम्या दिल्यासारखं. गुलामांना लिहायला-वाचायला बंदी होती. कुणी चोरून शिकलं तर चाबूक. आईपासून लेकरू वेगळं विकून टाकायचे. गुलामगिरी गेली, तरी नळ वेगळे, शाळा वेगळ्या, बसमध्ये मागच्या सीटा. मी भात खाता खाता ऐकायची. मध्येच आबा चश्मा काढायचे, पुस्तक मांडीवर उलटं ठेवायचे, खिडकीकडे पाहायचे आणि सांगायचे, "तिकडं अमेरिकेत एक पोरगा होता." या गोष्टी मला जास्त आवडायच्या. वाचताना आबांचा आवाज मास्तरासारखा असायचा, सांगताना साधा.

माठाची गोष्ट मी सगळ्यात जास्त वेळा मागितली असेल. आबांच्याच शब्दांत लिहिते, जितकं आठवते तितकं.

"तो पोरगा शाळेत जाये, पन भाईर बसे, जिथं बाकीच्यायच्या चपला राहेत तिथं. पोत्याचा तुकडा घरून घेऊन जाये. पाटी दाखवायची तं खाली ठेवून मांगं सरकायचं, मंग मास्तर पाहे. पानी कोनी वरून ओतलं तं भेटे. एक दिवस कोनीच नव्हतं, त्यानं माठात हात घातला. मास्तरनं त्याले मारलं नाई. मारलं असतं तं बरं झालं असतं. मास्तरनं सगळ्यायसमोर माठ फोडला अन् सांगितलं, याची एक-एक खापर शर्टात घे अन् गावातून घरी जा. तो गेला. त्याची माय वावरात कापूस वेचत होती, लहान बहीन बाजूले खेळत होती. तिनं दुरून पायलं, पोरगा शर्ट धरून येऊन राहिला. तिले वाटलं, लेकरानं बोरं आनली. ती हासली न् वं तिथूनच."

इथं आबा थांबायचे. मी विचारायची, मग? ते म्हणायचे, मंग काय, माठ फुटला. आणि चश्मा लावून पुढचं पान.

आता वाचणाऱ्याला वाटेल, पोरगी बुद्दू होती का. अमेरिकेत बोरं? पण मी सात वर्षांची होती. आणि एकदा डोक्यात बसलं की आपण परत तपासत नाही ना. माझ्या डोक्यात अमेरिकेला बोरीची झाडं होती, ती तशीच राहिली.

मग कॉलेज. बीए, इतिहास घेतलेला. दुसऱ्या वर्षी मॅडमनं सगळ्यांना जगातल्या एका अन्यायावर पंधरा-पंधरा मिनिटं बोलायला सांगितलं. मी तर उड्याच मारल्या. बाकीचे इंटरनेटवरून कॉपी करून राहिले होते आणि मी म्हटलं, माझ्याकडे तर घरीच लायब्ररी आहे. आबांना सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की सहाही पुस्तकं पुसून माझ्या टेबलावर रचून ठेवली. मी आळशी. तारखांपुरती दोन पुस्तकं चाळली आणि गोष्टी आठवणीतून घेतल्या.

बोलली मी छान. हिंदीत, वर्ग शांत. शेवटी माठाची गोष्ट सांगितली, पोत्याच्या तुकड्यासकट, बोरांसकट.

मॅडमनं आधी तारीफ केली. मग गोड आवाजात म्हणाल्या, "बेटा, ये मटके वाला किस्सा किस किताब में है?" मी म्हटलं, दादाजी ने बताया. त्या हसल्या. "अमेरिका में मटका? और बेर?" पूर्ण वर्ग हसला. मग त्यांनी समजावलं की तिकडं काळ्यांच्या शाळाच वेगळ्या होत्या, गोऱ्यांच्या वर्गाबाहेर पोत्यावर बसवायचा प्रश्नच येत नाही. हे मलाही माहीत होतं. पुस्तकात होतं, आबांनीच वाचून दाखवलं होतं. मॅडम म्हणाल्या, दादाजींनी आपल्या इकडचं काहीतरी मिसळलं असेल, बुजुर्ग लोग करते हैं, आगे से सोर्स चेक करना. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच "बेर ले लो" म्हटलं, आणि तीन दिवस कॅन्टीनमध्ये माझं तेच नाव झालं.

त्या दिवशी स्कूटीवरून घरी येताना माझे कान गरम होते. मॅडम काय म्हणून गेल्या, आपल्या इकडचं, ते मी ऐकलं होतं. पण मला त्यातलं फक्त हसणंच ऐकू येऊन राहिलं होतं.

घरी आबा टोस्ट चहात बुडवून खात होते. पप्पा लवकर आले होते, बूट काढून राहिले होते. आबांनी लगेच विचारलं, "कसं झालं वं माय?" मी बॅग सोफ्यावर फेकली आणि बोलली.

"आबा, तुम्ही खोटारडे आहात. पुस्तकात नसलेलं पुस्तकातलं म्हणून सांगता. सगळे हसले मला."

आबांचा टोस्ट चहात तुटून पडला. पप्पा म्हणाले, कोणतं? काय सांगितलं? मी रागातच पूर्ण गोष्ट परत सांगितली, चपला, पोतं, माठ, माय. सांगताना पप्पांच्या चेहऱ्याकडे पाहायला पाहिजे होतं, पाहिलं नाही. ते उठले, खिडकी लावली. खाली आंटीचा टीव्ही चालू होता तरी लावली. मग हळू आवाजात आबांना म्हणाले, "बाबा, आपलं काय ठरलं होतं?"

आबांनी कप खाली ठेवला. एकीकडे मी, एकीकडे पप्पा. खरं सांगितलं तर पप्पांना दिलेला शब्द मोडला असं झालं असतं. नाही सांगितलं तर माझ्यासमोर खोटं ठरायचं. त्यांनी दुसरं निवडलं, हे मला आज कळते. ते पप्पांना म्हणाले, पुस्तकातलंच आहे रे, थोडं मिसळलं असंन, म्हातारा झालो. आणि मग माझ्याकडे पाहून, "चुकलं माह्यं, माय. तुह्या मॅडमले सांगजो, आज्याले अक्कल नाई."

मी "ठीक आहे" म्हटलं. माफ केल्यासारखं. हे लिहिताना आत्ताही कसंतरी होऊन राहिलं.

त्यानंतर आबा वाचायचे, पण सांगायचे नाहीत. राग गेल्यावर मी दोन-चारदा जवळ जाऊन बसली, म्हटलं, वाचा ना आबा. ते वाचायचे. ओळीखाली बोट ठेवून, एक-एक शब्द, स्वल्पविरामाला थांबून. चश्मा काढायचेच नाहीत. मध्येच बोट थांबायचं, मला वाटायचं आता सांगतील, पण ते घसा साफ करून पुढची ओळ घ्यायचे. पुस्तकातलं एक अक्षर इकडचं तिकडं होऊ दिलं नाही. मी सोर्स मागितला होता, त्यांनी सोर्स दिला.

ते वर्ष माझ्या परीक्षांत आणि मोबाइलमध्ये गेलं. शेवटच्या वर्षी एक लांब निबंध लिहायचा होता, म्हणून मी पहिल्यांदा ती सहा पुस्तकं स्वतः, पूर्ण वाचली. मराठी मला बोलता येते, वाचायला वेळ लागते. गच्चीवर बसून पंधरा दिवस वाचली. एका वहीत दोन कॉलम केले. पुस्तकात आहे, पुस्तकात नाही. आबांनी सांगितलेलं जे जे आठवलं ते एकेका कॉलममध्ये टाकत गेली. 'पुस्तकात नाही'मध्ये अकरा गोष्टी निघाल्या.

अकराही गोष्टींत पोरगा एकच होता.

लहानपणी मला वेगवेगळे पोरगे वाटायचे, कारण आबा गाव बदलायचे, कधी मोठ्या नदीकाठी म्हणायचे, कधी जंगलाच्या बाजूला. पण कुठंही जा, पोराची माय कापूस वेचायची आणि त्याच्या कमरेवर, नाहीतर आसपास, एक लहान बहीण असायची. तो तिला घेऊन कांदा-भाकर मागायला जायचा, तिला घेऊन गुरं वळायचा, तिला शाळेबाहेर पोत्यावर बसवून पाटीवर काढलेलं अक्षर दाखवायचा. पोरगा नऊ वर्षांचा होईपर्यंत बहीण प्रत्येक गोष्टीत होती. मग तो बारा वर्षांचा झाला त्या गोष्टीत ती नव्हती. मी वही बंद केली आणि गच्चीवरच बसून राहिली. आबांना बहीण होती हे आमच्या घरात मी कधीच ऐकलं नव्हतं.

मला सरळ खाली जाऊन विचारता आलं असतं. पण काय म्हणून विचारायचं? आधी माफी मागायची? माफी कशाची, हे बोललं की पप्पांचा नियम मोडला. मी दिवस काढत राहिली. शेवटी थंडीच्या एका रविवारी मम्मी-पप्पा लग्नाला गेले, तेव्हा आबांना ऑटोनं भेडाघाटला नेलं. म्हटलं, घराबाहेर बोलतील. नावेत बसलो. तिथले नाववाले संगमरवराच्या खडकांमधून नेताना वाट्टेल ते सांगतात, हा खडक हत्ती, तो खडक अमुक हिरोइनीची सीट, यमक जुळवून जुळवून, आणि लोक हसतात. आबा पण हसले. मला म्हणाले, "याले कोनी नाई इचारत, कोन्या पुस्तकात हाये म्हनून."

टोमणा होता. पण दीड वर्षात पहिल्यांदा त्या विषयावर काही बोलले होते, म्हणून मी तोच धागा पकडला. घाटावर भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि बाकावर बसलो. मी म्हटलं, आबा, ती माठाची गोष्ट तुमची आहे ना. ते शेंगा सोलत राहिले. मी म्हटलं, मला सगळं कळलं आहे, अकरा गोष्टी लिहून ठेवल्या आहेत, पप्पांना नाही सांगत. मग मी ते विचारलं जे विचारायला आणलं होतं.

"आबा, तुमच्या बहिणीचं काय झालं?"

त्यांनी सोललेले दाणे माझ्या हातात दिले. बराच वेळ पाण्याकडे पाहिलं. ओठ हलले पण, मला पक्कं आठवते. मग म्हणाले, "पुस्तकात पाह्य, माय. मले आता भरोसा नाई माह्याच बोलन्याचा."

रागानं म्हणाले असते तर मी भांडली असती. ते अगदी खरं मानून म्हणाले. मी एकदा म्हटलेलं त्यांनी आपल्याबद्दल खरं धरून ठेवलं होतं. मी रडायला लागली, तर मलाच समजावत बसले, चाल, थंडी पडून राहिली, तुही माय ओरडीन.

पुढच्या महिन्यात त्यांच्या छातीत कफ झाला. घरचं औषध, मग डॉक्टर, मग भरती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, बोलता येत नव्हतं. मी रोज जाऊन पुस्तक वाचून दाखवायची, अडखळत, ओळीखाली बोट ठेवून. मला वाटायचं, मी चुकीचं वाचलं तर ते मान हलवतील. मुद्दाम चुकीचं वाचून पण पाहिलं. त्यांचे डोळे छताकडे. आठव्या दिवशी सकाळी गेले.

घरी कारखान्यातले जुने लोक आले, चेरीतालचे आले, आंटी पण वर येऊन बसली. कोणीतरी मला म्हटलं, आजोबांबद्दल दोन शब्द बोल. मी उभी राहिली. समोर आंटी, बाजूला पप्पा, पप्पांची मान खाली. माझ्या तोंडातून निघालं, आबांना वाचनाची खूप आवड होती. आणि बसली. बस, एवढंच बोलली मी.

दोन-तीन आठवड्यांनी कॉलेजमधून आली तर पप्पा माझ्या टेबलापाशी बसले होते आणि ती वही उघडी होती. मला वाटलं आता बोलतील. घरात हे काहून लिहिलं, कोणाच्या हाती लागलं तर. पण ते बोट फिरवून दुसऱ्या कॉलममधल्या गोष्टी मोजून राहिले होते.

"अकरा?" ते म्हणाले. "मला तर तीनच माहीत होत्या."

मी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितल्या. म्हणाले, बाबांनीच, चेरीतालला, मी शाळेत होतो तेव्हा. तिकडं अमेरिकेत एक पोरगा होता म्हणून. मी इतके दिवस धरून बसली होती की हे सगळं पप्पांच्या नियमामुळं झालं, नियम नसता तर आबा आपल्या नावानं बोलले असते. मी म्हटलं, पण तेव्हा तर तुमचा नियम नव्हता. पप्पा म्हणाले, नव्हता. मग म्हणाले, मला दहावीत कळलं की ते अमेरिकेतलं नाही. कळल्यावर मी विचारलं नाही. मला नकोच होतं ते.

थोड्या वेळानं त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "मला माहीत होत्या त्यातली एक इथं नाही. बहिणीची."

मी खुर्ची ओढून समोर बसली. पप्पा सांगायला लागले. पोराच्या बहिणीला ताप आला होता, दोन दिवस उतरला नाही. माय कामाला गेलेली. पोरानं तिला पाठीवर घेतलं आणि बाजूच्या गावी वैद्याकडे नेलं. वैद्य ओट्यावर बसला होता. म्हणाला, हात नाही लावणार, पण लांबून पाहीन, जेवून येतो, तोवर तिकडं लिंबाखाली बसा. "मग बाबा तिला मांडीवर घेऊन लिंबाखाली बसले," पप्पा म्हणाले. पोरगा म्हणता म्हणता ते बाबा म्हणून गेले होते. त्यांना कळलं की नाही माहीत नाही.

मी म्हटलं, मग?

पप्पा वहीकडे पाहून राहिले होते. "मग खालून पोरांनी बॅटिंगला हाका मारल्या. मी उठून गेलो."

"परत नाही विचारलं?"

"नाही."

त्या दिवशी मी बारावी गोष्ट वहीत लिहिली. पुढं थोडी जागा सोडून पाहिली, मग वाटलं कोणासाठी सोडून राहिली आहे. आता ती एवढीच आहे. आबा नऊ वर्षांचे आहेत, बहीण मांडीवर आहे, तिचं अंग तापलेलं आहे, आणि वैद्य आत जेवून राहिला आहे.